मागच्या सीटवरचं आजारपण

वडील गेल्यावर मायला मी तीर्थपुरीहून जालन्याला माझ्याकडे आणलं. मी एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात कामाला होतो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एक जुनी पेट्रोल गाडी नुकतीच घेतली होती. मायनं एकच अट घातली. दर रविवारी तीर्थपुरीला न्यायचं. मी आणि बायको पुढे बसायचो, माय मागे. कानाला वारा लागतो म्हणून ती मागच्या काचा गच्च बंद ठेवायची; पुढे माझी काच थोडी उघडी असायची.

दिवाळीनंतर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायला लागला. गाडी तर बराबर चालत होती. ओळखीच्या एका मेकॅनिकनं बॅटरीची वायर काढून परत लावली, दिवा विझला. चार दिवसांनी पुन्हा लागला. कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचं असंच असतं, लक्ष देऊ नका, असं तो म्हणाला. मी दिलं नाही.

त्याच सुमारास माय आजारी पडायला लागली. अंबड येईपर्यंत तिचं डोकं ठणकायचं, पुढे गुंगी यायची, आणि गावात उतरली की उलटी. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. सोमवार अंथरुणात जायचा. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं, रक्त तपासलं, गोळ्या वाढवल्या, आणि असंच राहिलं तर डोक्याचा फोटो काढू म्हणाले. माय म्हणायची, मला ही गाडी सोसत नाही, आत कसलातरी वास येतो. एका रविवारी ती शेजारणीबरोबर एसटीनं गेली आणि ठणठणीत परत आली. सोबत मिळाली म्हणून खूश असेल, असं मी धरलं. पुढच्या खेपेला तिनं पुन्हा डोकं धरलं तेव्हा मी चिडून म्हणालो, हे सगळं तुझ्या मनाचं आहे. त्यानंतर तिनं तक्रार केली नाही.

मी शेवटी गाडी दाखवली ती मायसाठीही नाही आणि दिव्यासाठीही नाही. गाडी पेट्रोल फार प्यायला लागली होती, म्हणून.

त्या वेळी जालन्यात गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं यंत्र मोजक्याच ठिकाणी होतं. एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात ते होतं. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी पुष्कळ विचारलं. दिवा कधीपासून लागतो, सकाळी धूर कसा येतो, गाडी कोण चालवतं. मग स्टेअरिंगखाली यंत्राची वायर जोडली. पडद्यावर एक नंबर आला. आता हे काहीतरी बदलणार, असं मला वाटलं. त्यांनी काही बदललं नाही. नंबर फक्त कुठे बघायचं ते सांगतो, म्हणाले. इंजिन इतकं तापलेलं होतं की हात लावता येत नव्हता, आणि यंत्रावर मात्र ते बर्फासारखं गार दिसत होतं. इंजिनाचा ताप सांगणारा सेन्सर खोटं बोलत होता. इंजिन गार आहे असं समजून गाडी जास्तीचं पेट्रोल ओतत होती.

मला हायसं वाटलं. सेन्सर बदलला की काम झालं. पण मिस्त्री मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकले, वास घेतला, आणि गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घ्यायला लावली. खाली ते बराच वेळ होते. वर आल्यावर माझ्याशी न बोलता त्यांनी मागचं दार उघडलं, सीट उचलून बाहेर ठेवली आणि खालची मॅट उलटी केली. मॅटची खालची बाजू काजळीनं काळी झाली होती.

"साहेब, मागं कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

"माझी आई."

"काचा बंद असतात?"

मी मान हलवली.

"त्यांना काही तरास होतो का?"

त्यांनी पत्र्यात एक भोक दाखवलं. तिथलं रबराचं बूच कधीच पडून गेलं होतं. बरोबर त्याखाली सायलेन्सरचा पाइप जोडावर तुटलेला. जास्तीच्या पेट्रोलचा विषारी धूर त्या भोकातून आत येत होता. मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, असा धूर भरलेल्या बंद गाडीत माणूस झोपेतच जातो. मी तिथंच पडलेल्या एका टायरवर बसलो. गुंगीत मान टाकलेली माय मी आरशात किती रविवार पाहिली होती, आणि झोपली बरं झालं, असं मनात म्हटलं होतं.

गाडी तिथंच सोडून मी रिक्षानं घरी आलो. माय मेथी निवडत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल, असं वाटलं होतं. तिनं हातातली काडी खाली ठेवली.

"मंग मी मरून न्हाई राह्यले?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगायला लागली. डॉक्टरांनी डोक्याच्या फोटोचं नाव काढलं तेव्हाच तिनं धरलं होतं की आपलं आता थोडंच उरलं आहे. आम्हाला घोर नको म्हणून बोलली नाही. दर रविवारी ती गावात एकेका घरी जाऊन भेटून येत होती. कुणाशी जुना अबोला होता तो सोडला, चांगली दोन लुगडी नणंदेला देऊन टाकली.

"म्हणून तर जात होते बाबा," ती म्हणाली. "न्हाईतर त्या गाडीत कोण बसलं असतं?"

निरोप घ्यायला म्हणून ती ज्या गाडीत बसत होती, ती गाडीच तिला मारत होती, आणि चालवत मी होतो.

मिस्त्रींनी सेन्सर बदलला, पाइप नवा टाकला, भोक बुजवलं. त्यांना गाडी चालवायला लावून मी काचा बंद करून मागे बसलो आणि अंबडपर्यंत जाऊन आलो. काही झालं नाही, तरी वाटभर मी कपाळ चाचपत होतो. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोन गोळ्या खोडल्या.

महिन्याभरानं माय पुन्हा गाडीत बसली, पुढे, माझ्या शेजारी. सगळी वाट जागी होती. अंबडच्या पुढे एका पेट्रोल पंपाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, हा कधी झाला? पंप दिवाळीनंतर लगेच सुरू झाला होता; इतके रविवार ती त्याच्यासमोरून गुंगीतच गेली होती. मी नजर रस्त्यावरच ठेवली आणि गाडी चालवत राहिलो.