भैरोबाच्या डोंगराची चार बोटं

हिरेमठ मॅडम डोंगराच्या माथ्यावर कधी उभ्या राहत नसत. वर पोचलं की उंची मोजायला स्टँडवर उपग्रहांचे संकेत घेणारं यंत्र बसवायचं आणि सकाळपर्यंत त्याच्याखाली दगडावर बसून राहायचं. आमच्यापैकी कुणी पाय मोकळे करायला उठलं की त्या ओरडायच्या, "खाली बस गं यव्वा, त्याचं आभाळ झाकतीयस!"

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या, म्हणून आम्हा मुलींना कन्नडातलं लाडाचं 'यव्वा'. यंदा निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, म्हणून हे लिहावंसं वाटलं. माझे वडील होटगीला रेल्वेच्या रुळांवर काम करतात. घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही, त्यात मुलीनं रात्रभर डोंगरावर बसायचं हे त्यांना पटेना. मॅडम घरी आल्या, आईशी कन्नडमध्ये तासभर बोलल्या आणि निघताना वडिलांना म्हणाल्या, "तुमची पोरगी माझ्या शेजारी झोपेल. झोपली तर." वडील हसले, तेव्हाच मला कळलं की जमलं.

बार्शीकडे दोन डोंगर समोरासमोर आहेत, भैरोबाचा आणि बोडखा. उंच कुठला यावरून पायथ्याच्या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या वाद. आम्ही एकेक रात्र दोन्ही माथ्यांवर काढली. भैरोबाचा डोंगर चार बोटं उंच भरला. त्या गावानं मॅडमना शाल दिली आणि वेशीच्या कमानीवर रंगवून घेतलं, 'उंच डोंगराचं गाव'.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. यंत्र दाखवतं त्यातून स्टँडची उंची वजा करावी लागते, म्हणून पट्टी लावून आम्ही दर वेळी फोटो काढायचो. बोडख्यावर वारा फार, त्यामुळे स्टँडचे पाय फाकवून ते बुटकं केलं होतं. फोटोत ते दिसत होतं, पण मॅडमनी वजा केली होती ती आदल्या रात्रीचीच, भैरोबावरच्या स्टँडची उंची. हिशेब दुरुस्त केल्यावर बोडखाच वर गेला, तोही चारच बोटं.

"मॅडम, कुणाला कळणार आहे?" मी हळूच म्हणाले.

"तुला कळलं की आत्ता."

आम्ही एस.टी.नं भैरोबाच्या गावाला गेलो. मॅडमनी पिशवीत शाल घडी करून ठेवली होती. देवळापुढच्या पारावर माणसं जमली. मॅडमनी उभं राहून सरळ सांगितलं, "बोडखा उंच आहे. चूक माझी. यंत्राला काय, आपण सांगू ते ते खरं धरतं."

एक पोरगा म्हणाला, "मग कमानीचं काय करायचं? पाव्हणं हसत्याल की आमाला."

"त्या गावानं मोठी शाल दिली आसंल," मागून कुणीतरी टोमणा मारला.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी शाल काढून पारावर ठेवली. मोजणीच्या रात्री आमच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढलेले गावचे सोपानतात्या पुढे आले. ते म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या. मॅडम, पुन्यांदा मोजा. ह्या खेपेला पट्टी मी वाचनार."

"वाचा की तात्या. पण मोठ्यांदा वाचायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

परतताना एस.टी.त मॅडमनी माझा हात धरला. "शिव्या चालल्या असत्या गं," त्या म्हणाल्या. "पैसे खाल्ले असं वाटलं ना त्यांना, ते नाही सोसलं."

पुन्हा दोन रात्री बसलो. दोन्ही माथ्यांवर तात्यांनी पट्टी वाचली, संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा, कीर्तनकाराच्या आवाजात. बोडख्यावरून खाली उतरून मॅडमनी त्यांच्यासमोरच हिशेब केला. तात्यांनी तो दोनदा करायला लावला. मग समोरच्या भैरोबाकडे बघितलं.

"ह्यो बोडखाच उंच हाय की हो," ते म्हणाले.

मॅडम भैरोबाच्या गावाकडे निघायला उठल्या. तात्यांनी त्यांना हातानं थांबवलं.

"तुमी कशाला? एकदा सांगितलंय न्हवं तुमी. आता मी सांगतो. माझ्या तोंडानं आईकत्याल." आणि टोपी झटकून डोक्यावर घालत ते एकटेच वाटेला लागले.