शेजारच्या सीटवर

नवऱ्याला गाडी चालवायला मी शिकवलं. नागपुरात, रेशीमबागेच्या मैदानावर, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. त्याला तोवर फक्त स्कूटर येत होती. मी औषध कंपनीची प्रतिनिधी होते. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ हा माझा रोजचा रस्ता आणि जुनी अल्टो माझी स्वतःची. क्लच सोडताना त्याची गाडी गचके खात बंद पडायची आणि तो ओशाळून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "पुन्हा कर, घाई नाही." हे आज मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण ते ठाऊक असलेलं माणूस या देशात दुसरं कुणी नाही.

त्याला आयर्लंडमध्ये, ट्रली गावाजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली. तो आधी आला, मी मुलीला घेऊन वर्षभराने. तोवर त्याने इथला परवाना मिळवला होता. काचेवर लाल N. नव्या चालकाने तो दोन वर्षं लावायचा, असा नियम. भाडं परवडावं म्हणून त्याने घर गावाबाहेर घेतलं होतं. दारासमोर कुरण, कुरणात गाई, आणि बस इतकी क्वचित की शेजारी तिच्याबद्दल हवामानासारखं बोलायचे.

भारतातला माझा परवाना इथे चालत नव्हता. चौदा वर्षांचा अनुभव असूनही मी शिकाऊ ठरले. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, सक्तीचे धडे आणि काचेवर L. शिवाय शेजारी पूर्ण परवाना असलेला माणूस हवा, आणि त्या माणसाचा परवाना निदान दोन वर्षं जुना हवा. नवरा स्वतःच N वर होता. म्हणजे तो माझ्या शेजारी बसू शकत नव्हता.

इथवर माझी कुणाबद्दल तक्रार नाही. नियम चांगलेच आहेत, इथे रस्त्यावर माणसं कमी मरतात.

पलीकडच्या घरात सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. माझी अडचण ऐकून त्या आपण होऊन म्हणाल्या, "मी बसेन ना तुझ्याबरोबर. तसंही मला घरात काय काम आहे?" मी आनंदाने ते नवऱ्याला सांगितलं.

"परक्या बाईला कशाला त्रास? आणि इन्शुरन्समध्ये तुझं नाव घालायला लागेल. ते फार किचकट असतं."

"विचारून तर बघ."

"माझा N संपू दे. मग मीच बसतो."

मी पुन्हा दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. त्या काळात घरात भांडण नको असायचं. मुलगी नव्या शाळेत रडत जात होती.

प्रशिक्षकाबरोबरचे धडे मी पूर्ण केले. तो म्हणाला, "तुला गाडी येते, पण जुन्या सवयी मोडायला हव्यात. आरसा बघ, राउंडअबाउटला लेन धर. रोज थोडा सराव कर." रोज सराव कुठला! आमची गाडी सकाळी कारखान्यात जायची आणि शनिवार-रविवार दारात उभी असायची. परीक्षेत मी नापास झाले. चुकांच्या कागदावर आरसा, आरसा, आरसा.

त्याच सुमारास दातांच्या दवाखान्यांना साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं. काम अगदी माझंच. केरी जिल्हाभर फिरायचं, डॉक्टरांना भेटायचं. समोरची बाई माझ्यावर खूश होती. शेवटी तिने विचारलं, "किती वर्षं गाडी चालवताय?"

"चौदा."

"वा! आणि इथे?"

मी शिकाऊ परवान्याचं सांगितलं. तिचा चेहरा पडला. तिला खरंच वाईट वाटलं असावं. पूर्ण परवाना झाला की कळवा, म्हणाली. मी कळवलं तेव्हा जागा कधीच भरली होती.

नवऱ्याचा N निघाला त्या संध्याकाळी तो म्हणाला, "चल, आता तुला शिकवतो."

मला वाटलं, गंमत करतोय. इन्शुरन्समध्ये माझं नाव अजून नव्हतं, पण ते त्याला आता आठवलं नाही. पण शेजारी बसल्यावर त्याचा डावा हात वरच्या दांडीला आणि उजवा हँडब्रेकवर. "मिरर! मिरर बघ! अगं, त्याला जाऊ दे! दिसत नाही का?" ज्या हातांनी मी कोंढाळीच्या वळणांवर ट्रकांमधून गाडी काढली होती, ते हात इथल्या रिकाम्या रस्त्यावर घामेजायला लागले. एकदा राउंडअबाउटच्या तोंडाशी गाडी बंद पडली. त्याने सुस्कारा टाकला. मागून मुलगी तिच्या केरीच्या हेलात म्हणाली, "लीव्ह हर अलोन, डॅड."

त्या वर्षी गणपतीला आम्ही कॉर्क शहरातल्या मराठी मंडळात गेलो. जेवणाच्या रांगेत कुणीतरी मला विचारलं, "वहिनी, ड्रायव्हिंग कुठवर आलं?" उत्तर त्याने दिलं. "चाललंय. सध्या क्लच आणि ब्रेकमधला फरक समजावतोय." सगळे हसले. मीही हसले, त्याचाच मला जास्त राग आला.

परतताना मी विचारलं, "तुला क्लच कुणी शिकवला?"

"ते इंडियात गं. तिथे काय ड्रायव्हिंग असतं का?"

माझी चौदा वर्षं त्याने एका वाक्यात पुसली, आणि इंडिकेटर देऊन शांतपणे वळला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. त्यांना पॉलिसीधारकाची संमती हवी होती. मी फोन त्याच्या हातात दिला. तो "हो" म्हणाला आणि माझं नाव चढलं. तोवर हातातला चहाही गार झाला नव्हता. दोन वर्षं किचकट असलेलं काम ते हेच.

मग शेजारच्या बाई बसायला लागल्या. त्या हात मांडीवर ठेवून गाईंकडे बघत बसायच्या. चूक झाली तर म्हणायच्या, "यू आर ग्रँड," म्हणजे काही बिघडलं नाही, आणि थोड्या वेळाने, "मागच्या वळणावर जरा लवकर आरसा बघितलास तर बरं." बस, एवढंच. काही आठवड्यांत माझे हात मोकळे झाले. पुढच्या परीक्षेत मी पास झाले. बाईंनी मला फाटकातच मिठी मारली.

नवऱ्याने अभिनंदन केलं आणि लगेच नियम सांगितले. दोन वर्षं N, नियम मोडल्याचे सात पॉइंट झाले की परवाना बंद, जपून. जणू ते त्यानेच लिहिले होते.

रविवारी नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "जमलं का रे तिले शेवटी? शिकवलं तू?"

"हो," तो म्हणाला, "शिकली एकदाची."

मी त्याच्या मागेच उभी होते, पडद्यावर दिसतही होते. रेशीमबागेचं मैदान सासूबाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पहिल्या दिवशी त्या स्वतः मैदानाच्या कडेला उभं राहून आम्हाला बघत होत्या. पण त्यांनाही आठवलं नाही, की आठवून सोयीचं वाटलं नाही, कोण जाणे. मी किल्ली घेतली आणि दूध आणायला गेले. दूध घरात होतं.

आता मी ट्रलीत एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. फिरतीची नोकरी पुन्हा चालून आली नाही. जुनी छोटी गाडी घेतलीय, एकटी जाते, एकटी येते. तिघं मिळून बाहेर पडलो की गाडी तोच चालवतो, त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. मी मागे मुलीशेजारी बसते. एकदा त्याने विचारलं, "पुढे का नाही बसत?"

"इथे बरं आहे," मी म्हटलं, आणि पट्टा लावला.