डोरीन गॅरडची दोन एकरं

समुद्रकाठची वाट सगळ्यांना खुली व्हावी म्हणून डोरीन गॅरडने तेरा वर्षं घालवली आणि शेवटी ती वाट तिच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखालून गेली. मार्लसीत ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात. मी या गावात अठ्ठावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतेय. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी स्वतः त्या दिवसांत कशी वागले तेही सांगायचंच आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

डोरीन गावाचं टपाल वाटायची. सायकलवर, एकतीस वर्षं. उंच, रुंद खांद्यांची, बोलणं तुटक. तिचे वडील वॉल्टर खारबांधावर कामाला होते. भरतीचं पाणी खाजणात अडवायचं, सशांनी पोखरलेली भोकं बुजवायची, दगड पुन्हा बसवायचे, हे त्यांचं काम. त्या बांधावरून सगळं गाव चालायचं. बायका खाजणातली खारी भाजी खुडायला जायच्या, पोरं शेजारच्या गावी शाळेत जायची, म्हातारे नुसतेच जाऊन यायचे. बांध कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

अठ्ठ्याऐंशी साली लंडनच्या हार्कनेस नावाच्या माणसाने मार्लसी हॉल विकत घेतला. बांधाचा पाऊण मैल हॉलच्या हद्दीतून जातो. पहिल्याच महिन्यात तिथे फाटक लागलं, तार लागली. वॉल्टर सवयीने तिथवर गेले तर राखणदाराने अडवलं.

"आजोबा, इथून पुढे नाही जायचं."

"हा बांध मी बांधलाय."

"बांधला असेल. पण आता मालक ते आहेत."

वॉल्टर परत फिरले. त्याच हिवाळ्यात ते गेले. फाटकामुळे नाही, छातीच्या दुखण्याने गेले, असं डोरीन स्वतःच सांगायची. पण शेवटचे चार महिने त्यांनी समुद्राकडे तोंड केलं नाही, हेही ती सांगायची.

पुढे सरकारने कायदा केला की इंग्लंडच्या सगळ्या किनाऱ्याने चालण्याची वाट असावी. डोरीन तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. तिने एक वही घेतली आणि ज्या ज्या दारात तिने पत्रं टाकली होती त्या दारात ती पुन्हा जाऊन उभी राहिली. तुम्ही बांधावरून कधीपासून कधीपर्यंत चाललात, सोबत कोण होतं, कोणी अडवलं का, हे सगळं लिहून घ्यायचं आणि खाली सही. तिच्यासोबत ग्वेन स्टॅनर्ड असायची. ग्वेन शाळेत स्वयंपाकीण होती, डोरीनची लहानपणापासूनची मैत्रीण. डोरीन लिहायची आणि ग्वेन म्हाताऱ्यांना बोलतं करायची. त्रेचाळीस जबान्या जमल्या. त्यातले निम्मे लोक वाट होईपर्यंत जगले नाहीत.

आता तिच्या भावाबद्दल. लेन तिच्याहून चार वर्षांनी लहान. लहानपणी त्याला मेंदूज्वर झाला होता. शरीर पुरुषाचं झालं, पण अनोळखी माणूस दिसला की तो थरथरायला लागायचा, कपडे ओले व्हायचे, मग दोन-दोन दिवस जेवायचा नाही. डोरीनने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला शेवटचं. मागच्या भिंतीपासून थेट खारबांधापर्यंत त्यांची दोन एकरं कुरण. त्यात सहा मेंढ्या. लेनचं सगळं जग म्हणजे ते कुरण. सकाळी तो मेंढ्यांना नावाने हाका मारायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यातच असायचा. त्याच्या गोळ्या द्यायला मी महिन्यातून एकदा जायचे. मला बघून न घाबरायला त्याला तीन वर्षं लागली.

दोन हजार सतरा साली सरकारी खात्याचा पहिला नकाशा आला. हेदर पिम नावाची तरुण अधिकारी गावात आली, डोरीनबरोबर तासन्‌तास चालली, तिच्या ओट्याशी बसून चहा प्याली. नकाशात वाट सरळ खारबांधावरून, हॉलच्या समोरून जात होती. गावाच्या सभागृहात लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्वेन रडली. डोरीन म्हणाली, "मंजुरी येऊ दे आधी."

मंजुरीआधी जमीनमालकांना हरकत घ्यायला आठ आठवडे असतात. हार्कनेसने वकील लावला. हरकतीत मुख्य मुद्दा असा की हॉल आणि बांध यांमधली जमीन हे 'उद्यान' आहे, आणि कायद्याने उद्यानात आणि बागेत वाट जात नाही. त्या जमिनीत माझ्या आठवणीत बीटच पिकत आलं होतं. पण त्या हिवाळ्यात तिथे गवत पेरलं गेलं, चेस्टनटची साठ रोपं लागली, दोन लोखंडी बाकं आली. सरकारचा निरीक्षक पाहणीला आला तेव्हा वसंत होता आणि गवत हिरवंगार होतं.

एकोणीस साली निकाल आला. हरकत मान्य. वाट दुसरीकडून न्यावी.

त्यानंतर दोनेक वर्षांनी हेदर पिम नवा नकाशा घेऊन डोरीनच्या घरी आली. या वेळी तिने चहा घेतला नाही. हे मला डोरीनने दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं.

"मिस गॅरड, हॉलच्या मागून रस्त्याने यायचं आणि पुन्हा बांधावर चढायचं, तर जागा एकच आहे," हेदर म्हणाली.

"कुठली?"

हेदरने नकाशा ओट्यावर पसरला. वाट गल्लीतून येत होती, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून तीन पावलांवरून वळत होती आणि कुरणातून बांधाकडे जात होती. वाटेच्या समुद्राकडच्या बाजूची जमीन रंगवलेली होती.

"हे रंगवलंय ते काय?"

"वाट आणि समुद्र यांच्या मधली जमीनसुद्धा लोकांना खुली होते. तसा नियमच आहे. बसायला, विसावा घ्यायला."

"म्हणजे वाट नाही, माझं सगळं कुरणच."

"बहुतेक सगळं."

"लेनला बघितलंयस ना तू?"

"बघितलंय," हेदर म्हणाली. "मी वर कळवलंही आहे. तुम्ही हरकत घ्या, मिस गॅरड. तुम्हाला तो हक्क आहे."

डोरीनने हरकत घेतली. गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. तोवर जे लोक तिला बघून टाळ्या वाजवत होते तेच दारूच्या गुत्त्यात म्हणू लागले, "दुसऱ्याच्या अंगणातून वाट हवी होती बाईला, स्वतःच्या नको." कोणीतरी तिच्या फाटकाला 'खाजगी' अशी पाटी अडकवून गेलं. ती तिने काढली आणि उलटी ठोकून मेंढ्यांच्या गोठ्याचं भोक बुजवलं.

ग्वेन मात्र समोर येऊन बोलली, माझ्याच दुकानात, पाच-सहा लोकांच्या देखत.

"डोरीन, तू हरकत मागे घे. आपण अडवलं तर अजून पाच वर्षं जातील. माझं वय काय झालंय, तुझं काय झालंय?"

"आणि लेन?"

"लेनला सवय होईल."

"साठ वर्षांत झाली नाही ती?"

"तुला माहितीये, हार्कनेसही असंच म्हणत होता. घरच्यांना त्रास होईल, एकांत जाईल. शब्द न्‌ शब्द तोच."

 डोरीनने औषधाची पिशवी उचलली आणि ती गेली. त्या दिवसानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता माझी गोष्ट. डोरीन एका दुपारी दुकान रिकामं असताना आली आणि म्हणाली, "वासंती, मला एक पत्र हवंय. तू लेनला वीस वर्षं बघतेस. अनोळखी माणसांनी त्याचं काय होतं ते जसंच्या तसं लिही. डॉक्टर नवा आहे, त्याला काही माहीत नाही."

मी हो म्हटलं. पण माझं दुकान हॉलच्या मालकीच्या इमारतीत होतं. भाडेकरार त्या वर्षी नवा व्हायचा होता आणि डोरीनची हरकत मान्य झाली असती तर वाट पुन्हा हार्कनेसच्या दारात गेली असती. मला कोणी धमकी दिली नाही, कोणी एक शब्द बोललं नाही. मीच घाबरले. मी चार ओळी लिहिल्या: लेनर्ड गॅरड माझ्याकडून अमुक औषधं नियमित घेतात, त्यांना शांत वातावरण हितकारक आहे. डोरीनने दुकानातच ते वाचलं.

"एवढंच?"

"मी डॉक्टर नाही ना, डोरीन. मला जास्त लिहिता येत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

निरीक्षक यायच्या आधी मोफत कायदेसल्ला देणाऱ्या बाईंनी तिला एक युक्ती सांगितली होती. कुरणाला बाग म्हणा. मेंढ्या महिनाभर कोणाकडे तरी ठेवा, गुलाब लावा, एक बाक ठेवा. बागेतून वाट जात नाही. डोरीनने ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही.

निरीक्षक सभ्य होता. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून आत आला. लेन वरच्या खोलीत पलंगाखाली होता. डोरीनने त्याला ते सांगितलं. त्याने वहीत टिपलं. मग दोघं मागे गेले.

"ही जागा तुम्ही कशासाठी वापरता?"

"मेंढ्या चरतात."

"फुलझाडं वगैरे? बसायला-उठायला? बाग म्हणता येईल असं काही?"

त्याने हे दोनदा विचारलं, असं डोरीन म्हणाली. त्याला मदत करायची असावी, असंही म्हणाली.

"नाही," तिने सांगितलं. "हे कुरण आहे. माझ्या बापाच्या वेळेपासून कुरणच आहे."

मी नंतर तिला विचारलं, एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, "त्या 'उद्याना'वरून चार वर्षं मी त्या माणसाला खोटारडा म्हणतेय. मग आता स्वतःला काय म्हणू?"

तेवीस सालच्या मार्चमध्ये मंत्र्यांच्या सहीने मंजुरी आली. सत्तावीस पानं. 'हरकतदाराच्या भावाच्या प्रकृतीचा सहानुभूतीने विचार केला आहे. मात्र तिच्या गांभीर्याबद्दल सादर झालेला पुरावा मर्यादित आहे.' पुढच्या परिच्छेदात डोरीनच्याच जबानीतलं वाक्य होतं. त्रेचाळीसपैकी पहिली जबानी तिची होती. घरामागून बांधावर चढताना खाजण जसं दिसतं तसं दुसरीकडून कुठूनच दिसत नाही, असं तिने तेरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. त्यावरून जनतेचा लाभ सिद्ध होतो, असं मंत्र्यांचं म्हणणं. शेवटी, दोन्ही बाजूंचा न्याय्य तोल साधला गेला आहे. भरपाई कायद्यातच नाही.

वाटेचं उद्‌घाटन जूनमध्ये झालं. फीत कापायला डोरीनला बोलावलं होतं, ती गेली नाही. ग्वेनने कापली. त्या दिवशी दोनशे माणसं डोरीनच्या खिडकीखालून गेली. चांगली माणसं होती, फाटक लावून घेत होती, हात हलवत होती. पडदे ओढलेले होते.

लेन कुरणात जाईना. डोरीन त्याला पहाटे पाचला बाहेर नेऊ लागली, तेव्हा वाटेवर कोणी नसायचं. ऑगस्टमध्ये एका पहाटे धावायला आलेल्या माणसाचा मोकळा कुत्रा कुरणात घुसला. एक मेंढी जागीच गेली, दुसरी दुपारी. माणूस फार ओशाळला, पुन्हा पुन्हा माफी मागत राहिला, आणि लेन त्या अनोळखी माणसापासून दूर पळताना बांधाच्या दगडांवर पडला. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून तो घरी आलाच नाही. जिना चढणं शक्य नव्हतं, तळमजल्यावर वाटेकडे तोंड केलेली एकच खोली, तिथे तो राहीना. समाजकल्याणवाल्यांनी इप्सविच शहराजवळच्या एका देखभाल-निवासात जागा दिली. तिथे तेवीस अनोळखी माणसं. पहिले सहा आठवडे डोरीन रोज दोन बस बदलून जायची आणि तो तिच्याशी बोलायचा नाही. आपल्याला तिनेच इथे टाकलं असं त्याला वाटत होतं.

उरलेल्या मेंढ्या तिने विकल्या. पुढच्या वसंतात घरही विकायला काढलं. दलालाच्या जाहिरातीत पहिलीच ओळ होती: 'दारातूनच समुद्रवाट.' दहा दिवसांत गिऱ्हाईक मिळालं, लंडनचं जोडपं, शनिवार-रविवारसाठी.

जायच्या आधी ती दुकानात आली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मी काउंटरच्या बाहेर आले आणि जे दोन वर्षं तोंडापर्यंत येऊन परत जात होतं ते बोलले. भाडेकराराचं सांगितलं, पत्राचं सांगितलं.

"तू लिहिलं असतंस तरी त्यांनी केलं असतं तेच केलं असतं," डोरीन म्हणाली.

मला हलकं वाटलं. तिला ते दिसलं असावं.

"पण लिहायला हवं होतंस," ती म्हणाली.

आता ती इप्सविचला दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहते. लेन हल्ली तिच्याशी बोलतो, कधी कधी. ग्वेन दर नाताळात कार्ड पाठवते. उत्तर येत नाही. माझा करार दहा वर्षांसाठी नवा झाला.