टाकीत सोडलेला दोर

आमच्या नात्यागोत्यात आणि सांगोल्याकडच्या काही वाड्यावस्त्यांवर माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. गोबरगॅसच्या टाकीत उतरलेल्या मेव्हण्याला मी आधीच विचार करून दोर बांधला होता, म्हणून तो जिवंत वर आला, अशी ती गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे ती लोकांना लगेच पटली. मलाही ती आवडली. ती खरी नाही. आणि गेल्या काही महिन्यांपासून मला तिची इतकी भीती वाटते, की दुपारी जेवून आडवा झालो तरी डोळा लागत नाही.

शाळेत ‘ऊर्जेचे स्रोत’ हा धडा माझ्या आवडीचा. तो सुरू करण्याआधी मी मुलांना विचारायचो, तुमच्या घरी काय काय जळतं? मग उत्तरांचा पाऊस पडायचा. शेण्या, पऱ्हाट्या, तुराट्या, रॉकेल, इंजिनाला डिझेल. कुणाचा चुलता सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात असायचा, तो बॉयलरला कोळसा घालतो म्हणून सांगायचा. वारा आणि ऊन मात्र कुणीच सांगायचं नाही, कारण ती जळत नाहीत. मग मी म्हणायचो, खळ्यावर ज्वारी उफणता तेव्हा काम कोण करतं? कुरडया कोण वाळवतं? त्यानंतर फळ्यावर दोन खाने पडायचे. वापरून संपणारे स्रोत एकीकडे: कोळसा, डिझेल, रॉकेल. पुन्हा पुन्हा मिळणारे दुसरीकडे: सूर्य, वारा, वाहतं पाणी, लाकूडफाटा, शेण. मग पारंपरिक आणि अपारंपरिक अशी आणखी एक विभागणी. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, बैल कुठल्या खान्यात?”

मी म्हणालो, “बैल कडबा खातो, कडबा उन्हावर वाढतो. म्हणजे पुन्हा मिळणारा.”

“पण आमचा बैल म्हातारा झाला की. आता नवा कोन देनार?”

वर्ग हसला, मीही हसलो.

पुस्तकात नसलेली एक तिसरी विभागणी मी माझ्या मनाने करायचो: धोक्याचे आणि बिनधोक. डिझेल, रॉकेल, विजेची तार धोक्याची. ऊन, वारा, गोबरगॅस बिनधोक. गोबरगॅसवर तर माझा फार जीव. धूर नाही, काजळी नाही, शेणाचं खतही वाया जात नाही. मेव्हण्याच्या वस्तीवर त्याचा संच बसला तो माझ्याच सांगण्यावरून. जमिनीत विटांनी बांधलेला गोल खड्डा, त्यात पाण्यात कालवलेलं शेण आणि वर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी आपोआप वर उचलली जायची. बायकांचा सकाळचा चहा त्यावर व्हायचा. पाव्हणेरावळे आले की मेव्हणा त्यांना आधी टाकी दाखवायचा आणि मग पाणी द्यायचा.

काही वर्षांनी गॅस कमी यायला लागला. तळाशी गाळ धरला होता. तो काढायचा ठरला, आणि मी व माझी बायको वस्तीवर गेलो. सुट्टीचा दिवस होता. माणसांनी साखळीच्या पुलीने टाकी उचलून बाजूला ठेवली. वरचं शेण बादल्यांनी उपसलं आणि ती माणसं आपापल्या कामाला गेली. खड्डा आता वरून मोकळा होता, आत ऊन पडत होतं. वास मात्र असा होता की नाक धरावं लागे, सडक्या अंड्यांसारखा.

दोराचं खरं कारण हे. मेव्हण्याचा गुडघा दुखायचा. शिडी बुळबुळीत झाली होती. माझी बायको म्हणाली, “उतरशील रं, पन वर कसा येशील? तुझ्या गुडघ्याला काय शिडी चढवती का? बांध कंबरंला, ओढून घेऊ.”

“मी काय रेडकू हाय का?” मेव्हणा म्हणाला. “दाजी, बघा, तुमची बायको मला दावं लावायली.”

“लावू दे की,” मी म्हणालो. “तेवढाच तुम्ही एका जागी राहाल.”

दोराचा त्या वायूशी काहीही संबंध नव्हता. बहीण भावाच्या गुडघ्याची काळजी करत होती, एवढंच.

तो उतरला आणि फावड्याने गाळ सोडवू लागला. पहिल्या काही घमेल्यांत तो शिव्या देत होता, वासाला आणि मलाही. मी काठावर उभा राहून वरून सूचना देत होतो. मग तो थांबला. मान वर करून, खुशीत म्हणाला, “दाजी, आता वास बी येईना झाला.”

मी म्हणालो, “म्हणजे गॅस निघून गेला. चालू द्या बिनघोर.”

हे वाक्य मी उच्चारलं. माझ्या बायकोने ते ऐकलं. कितीतरी वर्षं ते तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मेव्हण्याने आणखी एकदोनदा फावडं मारलं आणि तो खाली बसला. दमलेला माणूस बांधावर टेकतो तसा, पाठ भिंतीला लावून. तो टिंगलखोर माणूस होता. मला वाटलं, सोंग करतोय. मी म्हणालो, “उठा पाव्हणं, जेवायला अजून वेळ आहे.” तो उठला नाही. त्याचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी शिडीवर एक पाय ठेवला. खालून काहीतरी गरम तोंडावर आल्यासारखं झालं. मी मागे सरलो. दोराचं टोक माझ्याच हातात होतं, ते केव्हा सुटलं मला कळलं नाही. मी बाजूला काढलेल्या टाकीला धरून उभा राहिलो. माझ्या बायकोने दोर उचलला आणि ओरडली. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतून दोन गडी धावत आले. त्या तिघांनी त्याला ओढून काढला. तो पाठीवर रेलला होता, तोंड वर होतं, म्हणून वाचला. पालथा पडला असता, तर दोर ओढून वर काय आलं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, “वास आधी येत होता आणि मग यायचा थांबला, असं झालं का?”

त्यांनी समजावून सांगितलं. शेण कुजताना एक विषारी वायू तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं, हवा साफ झाली. गाळ ढवळला की तो एकदम वर येतो. वरून खड्डा उघडा आहे, ऊन पडलंय, याने काही फरक पडत नाही.

“तसं काही झालं का?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“माझ्या लक्षात नाही,” मी म्हणालो. बायको शेजारीच उभी होती. तिने पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघितलं.

मेव्हणा बरा झाला. उजवा हात थरथरायचा, तेवढं राहिलं. त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. दोर आठवत नव्हता, पण दोराने वाचलो हे त्याला लोकांनी सांगितलं, आणि घरात विज्ञानाचा मास्तर असताना दोर आणखी कुणाला सुचणार? त्यानेच ते सगळीकडे सांगितलं. ग्रामसभेत मला शाल आणि नारळ मिळाला. मी उभा राहून चार शब्द बोललो. दोर बांधल्याशिवाय टाकीत उतरू नये, असं म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. पुढे कुणी विचारलं की मी तेच सांगत गेलो. दर वेळी सांगताना मला खात्री वाटायची की यात अपाय तर काही नाही.

माझी बायको हे सगळं ऐकायची. तिने एकदाही मला टोकलं नाही. ती गेली तेव्हाही हा विषय आमच्यात निघालेला नव्हता. मेव्हणा तिच्याआधी गेला.

आता मी सोलापुरात मुलीकडे राहतो, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत. मेव्हण्याच्या मुलाने मंगळवेढा रस्त्यालगत गोठा काढला आहे. पोरगं हुशार. छपरावर सौर पत्रे, त्यावर चालणारं दूध थंड करायचं यंत्र, वीज गेली तर डिझेलचं जनित्र, आणि शेणाच्या गॅसवर खव्याची भट्टी. मी एकदा कौतुकाने म्हणालो होतो, “अरे, तू तर माझा अख्खा धडाच बांधलास.” त्याचा गॅसचा संच नव्या पद्धतीचा आहे, जमिनीत पुरलेला घुमट आणि वर माणूस मावेल एवढंच तोंड.

एका सकाळी त्याचा फोन आला. “मामा, आज प्लांट साफ करतोय. मीच उतरणार हाय, गड्यास्नी जमत न्हाय. काळजी करू नका, तुमच्याच पद्धतीनं. दोर बांधलाय.”

मी विचारलं, “झाकण कधी उघडलं?”

“काल. काल लई वास होता. आज कायच वास न्हाय. गेला सगळा.”

“उतरू नकोस,” मी म्हणालो. तिकडे गोठ्यात म्हशी ओरडत होत्या, जनित्राची घरघर चालली होती. “ऐकू येत न्हाय मामा, मागनं लावतो,” म्हणाला आणि फोन बंद. मी पुन्हा लावला. नुसती घंटा वाजत राहिली.

मी चप्पल घालून निघालो. नवी पेठेत कापडाच्या दुकानांपुढे गर्दी होती, रिक्षा जागची हलेना. रिक्षावाला म्हणाला, “चाचा, उडके जाऊं क्या?” माझ्या डोळ्यांपुढे भिंतीला टेकून बसलेला माणूस येत होता, आणि दर खेपेला त्याचा चेहरा बापाचा न राहता पोराचा होत होता. फोन लावत राहिलो. गावाबाहेर पडल्यावर रिक्षावाल्याने आरशात माझ्याकडे बघितलं, आणि मग न बोलता वेग वाढवला.

पोचलो तेव्हा तो घुमटाच्या तोंडाशी बसला होता. पाय आत सोडलेले, कमरेला दोर, दोराचं टोक दोन गड्यांच्या हातात. मी धावत जाऊन त्याच्या दंडाला धरलं.

“अवो मामा, पडाल की आत.”

“वर ये. पाय बाहेर काढ.”

“दोर हाय की. तुमीच शिकवलंय नव्हं सगळ्यांना?”

“मी खोटं शिकवलं.”

गडी एकमेकांकडे बघू लागले. मी त्याचा दंड सोडला नाही. तसाच उभा राहून मी त्याला सगळं सांगितलं. गुडघा सांगितला. वास येईना झाला ते सांगितलं, त्यावर मी काय म्हणालो ते सांगितलं. दोर हातातून सुटला तेही.

त्याने पाय बाहेर काढले आणि उभा राहिला. मला वाटलं, हात उगारेल. त्याने विचारलं, “आमच्या आप्पांना ठावं होतं?”

“नाही.”

“आत्याला?”

“होतं.”

तो कमरेची गाठ सोडायला गेला, पण बोटांना ती सुटेना. गड्याने विळ्याने दोर कापला.

“कुनी जवळ जायचं न्हाय,” तो गड्यांना म्हणाला. मग त्याने फोन करून गाळ ओढणारा टँकर मागवला. बाहेरूनच पाइप टाकून काम होतं, आत माणूस उतरावाच लागत नाही. आधी त्याला तेवढे पैसे जास्त वाटले होते. टँकर येईपर्यंत मी बाजेवर बसून त्या तोंडावर नजर ठेवली. कुणी गडी तिकडून नुसता चालत गेला तरी मी ओरडायचो.

निघताना तो रिक्षापर्यंत आला. नमस्काराला वाकला नाही. म्हणाला, “मामा, ही पद्धत आजून किती जनांला सांगितलीय तुमी?”

मी रिक्षात बसलो आणि नावं आठवायला लागलो.

तेव्हापासून मी आठवून आठवून फोन करतो. जुने विद्यार्थी, वस्तीवरचे सोयरे, एका सोयऱ्याच्या लग्नात भेटलेला कुर्डुवाडीचा दूधवाला. प्रत्येकाला सांगतो: टाकीत, घुमटात कुणी उतरू नका, दोर बांधूनही नाही; दोर ओढेपर्यंत आतला माणूस गेलेला असू शकतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. आत कुणी पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. काही जण ऐकून घेतात. काही जणांना वाटतं, गुरुजींचं वय झालं.

काल एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लागला. पूर्ण ऐकून घेतल्यावर तो हसला. “गुरुजी, आमी दरसाल असंच करतो की. तुमच्या दोरानं. आजपातूर कायबी झालं न्हाय.”

“यंदा केलं?”

“न्हाय आजून. येत्या सोमवारी हाय. धाकट्या भावाला उतरवनार हाय.”

मी त्याला म्हणालो, फोन ठेवू नकोस, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो.