मालिकेतल्या पोरीला आई काय म्हणाली

आमच्या गिरीज गावातल्या घरात लग्नाचं मला कोणी सरळ विचारत नाही. सगळा कारभार टीव्हीमार्फत चालतो. वाडीतली कामं आटोपली की आई आणि काकी सकाळच्या बाजारासाठी भाजीच्या जुड्या बांधत मालिकेसमोर बसतात. बांधायला केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या पट्ट्या, आणि बोलायला मालिकेतली माणसं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमच्याकडे बोलणी खाते नायिका आणि ती लागतात मला.

त्या आठवड्यात मला खरोखरच उत्तर द्यायचं होतं. सांडोरचं स्थळ होतं. मुलगा चांगला, बोलायला मोकळा. रविवारी त्यांची माणसं साखरपुड्याची बोलणी करायला येणार होती. आणि माझ्या तोंडून हो निघत नव्हतं, नाहीही निघत नव्हतं. विरारच्या ऑफिसात सगळ्यांची कामं ठरवून देणारी मी, स्वतःच्या बाबतीत पार ठप्प झाले होते.

त्या संध्याकाळी मालिकेतल्या पोरीने साखरपुड्याच्या साडीत खोलीत शिरून आतून कडी घातली. बाहेर सगळे दार बडवतायत, आणि ती आरशात बघून म्हणाली, "तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं."

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. हे वाक्य माझं होतं. मी ते जिवाभावाच्या मैत्रिणीलाही बोलले नव्हते. कोण कुठे बसून हे लिहितं, आणि त्याला माझ्या पोटातलं कळलं कसं?

"नखरे मेलीचे!" काकी म्हणाली. "आमच्या वेळी दार लावलं असतं, तर बापाने दारासकट उचलून मांडवात ठेवली असती."

एरवी आई लगेच री ओढते. त्या दिवशी तिने ओढली नाही.

"राहू दे गं कडी," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली. "घाई करू नकोस. मलाही काही कळत नव्हतं. साडीचा रंगसुद्धा दुसऱ्यांनीच ठरवला. मांडवात उभी होते आणि वाटत होतं, एकदा तरी कोणी विचारावं. नाही विचारलं. तुला विचारतील. तेव्हा खरं काय ते सांग. माहीत नाही, हेही खरंच असतं."

मी टीव्हीकडे पाहिलं. तिथे केव्हाच जाहिरात लागली होती. एक बाई शर्टावरचा डाग दाखवत होती. काकीनेही ते पाहिलं, आणि रिमोट उचलून आवाज बारीक केला.

मी आईकडे बघतच राहिले. हिला मी जन्मापासून ठाम समजत आले होते. कुठल्या केळीला पाणी, कुठल्या पाहुण्याला चहा, हिचं सगळं ठरलेलं. ही बाई इतकी वर्षं हे पोटात घेऊन आमची ताटं वाढत होती, याचं मला अजूनही नवल वाटतं.

"रविवारी येऊ नका म्हणून कळवू?" आईने विचारलं. या वेळी माझ्याकडे बघून.

"हो. पण नकार नको कळवू... फक्त इतक्यात नको म्हण."

"तसंच सांगते."

मला राहवेना. "मग तुला कधी कळलं, आई?"

तिने जुडीला गाठ मारली, पाटीत ठेवली.

"अजून नाही," ती म्हणाली आणि पुढची जुडी हातात घेतली.