तिच्या वाटचं पाणी

आमच्या घरात साठ वर्षं एका देवीची पूजा होत होती आणि ती देवी कुठली, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हे लिहितानाही मला जरा ओशाळल्यासारखं होतं. लोकांची कुलदैवतं तुळजापूरची असतात, माहूरची असतात. वर्षातून एकदा जाऊन लोक ओटी भरतात, प्रसाद वाटतात. आमच्या देवघरात होता तो नुसता एक चांदीचा टाक, झिजून गुळगुळीत झालेला. माझ्या सासूबाई त्याला ‘आई’ म्हणत. नवी सून असताना मी विचारलं होतं, “कुठली आई?” त्या म्हणाल्या, “आपली.” तेवढ्या उत्तरावर मी पंचवीस वर्षं काढली. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. ज्याची नोंद सापडत नाही ते पुस्तक आपल्याकडे नाहीच, असं धरून चालणारी.

माझे सासरे सहा वर्षांचे असताना, निजामाच्या काळातल्या कुठल्याशा दुष्काळात, आपल्या आईचं बोट धरून शहरात आले. वाटेत त्यांची तान्ही बहीण गेली. त्यानंतर त्यांच्या आईनं गावाचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. पूजा मात्र सोडली नाही. औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत त्यांनी ती आपल्या सुनेला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शिकवली आणि गावाचं नाव सोबत घेऊन गेल्या. सासऱ्यांना दोनच गोष्टी आठवत. देवीच्या डोक्यावर छत नव्हतं, आणि तिच्या शेजारी पायऱ्यांची बारव होती, तिची चौथी पायरी तुटकी होती. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यासुद्धा बघून घेतल्या. आमचं घराणं त्यात नव्हतं. पुढे सासरेही गेले आणि तो विषय तिथंच राहिला.

तो पुन्हा निघाला सासूबाईंच्या डोळ्यांमुळे. काचबिंदू फार उशिरा कळला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकते ते बघू. घरी आल्यावर चप्पल काढता काढता सासूबाई म्हणाल्या, “एकदा तिला बघायचंय गं. मग अंधार झाला तरी चालेल.” मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आदळत बसले. मला रडू आलं की मी भांडी आदळते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हापासून आमचे रविवार गावं धुंडाळण्यात जाऊ लागले. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. शहर मात्र चहूकडून वाढत होतं. रस्ता रुंद करायला वडाची झाडं गेली होती, मुरमासाठी टेकड्या खरवडल्या होत्या आणि पीक नसलेल्या शेतांत प्लॉटिंगचे रंगीत झेंडे फडफडत होते. आम्ही पिशोरकडच्या डोंगरांत हिंडलो. अजिंठा गावातली जुनी सराय पाहिली. लेण्यांकडे जाणाऱ्या इतक्या गाड्या, पण तिथं कुणी थांबत नाही. अन्व्याच्या कोरीव देवळात सासूबाईंनी प्रत्येक खांबाला हात लावून पाहिला. पाचोडच्या आठवडी बाजारात त्यांनी वासावरून मिरच्या निवडल्या आणि विकणाऱ्या बाईनं त्यांचे हात हातात घेऊन दोन मूठ मिरच्या जास्त घातल्या. गावं खरंच सुंदर होती. दुपारच्या वेळी लिंबाखाली झोपलेली, कुणी आलं तर सावकाश डोळे उघडणारी. कॉलनीतल्या बायका माझे फोटो बघून विचारायच्या, “या वीकेंडला कुठं? आम्हालाही सांगा की अशी छोटी छान गावं.” मी त्यांना चक्क यादी करून दिली होती. ती यादी म्हणजे आम्ही जिथून जिथून रिकामे परतलो त्या गावांची होती, हे तेवढं सांगितलं नाही.

पिशवी ठरलेली असायची. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. खण वर्षभर तोच राहिला. नारळ दर सोमवारी चटणीत जायचा. प्रत्येक गावाच्या वेशीत शिरताना सासूबाई पदर सावरून बसायच्या, कुणी भेटायला येणार असल्यासारख्या. मग मी खाली उतरून पारावरच्या माणसांना विचारायचे, छत नसलेली देवी आहे का, तुटक्या पायरीची बारव आहे का. ती माणसं आपापसांत बोलायची आणि मान हलवायची. गाडीकडे परत येताना मला सासूबाईंकडे बघवत नसे. त्या मात्र विचारायच्या, “चहा घेतलास का गं?” त्यांची ओढ मला कळत होती, पण खरं सांगते, माझ्या मनात देवी नव्हतीच. मला फक्त या बाईला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नव्हतं.

इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझ्या माहेरी नैवेद्य दाखवताना ताटाभोवती पाणी फिरवतात. सगळीकडेच फिरवतात. सासूबाई फिरवत नसत. त्या ताट ठेवायच्या, हात जोडायच्या आणि पाण्याचा भरलेला तांब्या उचलून उंबऱ्यावर नेऊन ठेवायच्या. जो पहिला दारात येईल त्याला ते पाणी द्यायचं. त्यांचे हात थरथरायला लागल्यावर नैवेद्य माझ्याकडे आला आणि मी पहिल्याच पौर्णिमेला पाणी फिरवलं. त्या हळूच म्हणाल्या, “पाणी नको फिरवू गं.” मी म्हटलं, “आई, त्याशिवाय नैवेद्य पोचत नाही. तुमच्याकडे कुणीतरी विसरलं असेल आणि तेच पुढे चालू राहिलं असेल.” त्या वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. दर पौर्णिमेला एकदा म्हणायच्या, “नको फिरवू गं,” आणि मी फिरवायचे. मग त्या स्वतः तांब्या भरून कॉलनीच्या गेटवर चाचांना नेऊन द्यायच्या. चाचा म्हणजे आमचे वॉचमन. शेजारी पाण्याची बाटली भरलेली असली तरी ते उठून उभे राहायचे आणि ओंजळीनं तांब्यातलं पाणी प्यायचे. मला संकोच व्हायचा. लोक काय म्हणतील, असं वाटायचं.

मे महिन्यातला तो रविवार पौर्णिमेचा होता आणि नेमका आमच्या गल्लीच्या पाण्याचाही. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येत होतं. पाण्याचा दिवस असला की आमच्या शहरात माणसं लग्नाला जात नाहीत, तर देवी शोधायला कोण जाणार? मी साफ सांगितलं, आज जमायचं नाही. सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “तुझं कुंकू दिसतं. तोंड दिसत नाही.” मी पिशवी उचलली आणि ह्यांना गाडी काढायला सांगितलं. निघण्याच्या गडबडीत नैवेद्यही राहिला.

फुलंब्री मागे टाकून आम्ही आडरस्त्याला लागलो आणि चढावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघायला लागली. ह्यांनी मला न विचारता प्यायच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या, त्यावरून आमचं भररस्त्यात भांडण झालं. कशीबशी गाडी पुढच्या गावात नेली. ते गाव आमच्या यादीत नव्हतं. हापशाचा दांडा हलवला तर नुसता खडखडाट. दुपारचं ऊन, सगळी दारं बंद, आणि सासूबाईंचे ओठ पांढरे पडलेले. त्या म्हणाल्या, “मला जरा बसव.” त्यांचा हात गार लागला. देवी राहिली बाजूला, मी या म्हातारीला उन्हात मारायला आणलं, एवढंच मनात आलं. तेव्हा मी कुणाचा धावा केला ते आठवत नाही. पण केला.

त्यांना धरून मी जवळच्या घराच्या सावलीत नेलं. त्या घराचं दार अर्धं उघडं होतं आणि उंबऱ्यावर पितळेचा भरलेला तांब्या होता, वर वाटी झाकलेली. मी आत हाक मारण्याआधीच आतून एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. म्हणाली, “घ्या की. तुमचंच हाय ते.”

मी वाटीनं सासूबाईंना पाणी पाजलं. दोन वाट्या झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि हातानं तांब्या चाचपला. मग त्या बाईला विचारलं, “हा उंबऱ्यावर कशाला ठेवलाय?”

“आज पुनव नाय का? निवद झाला की ठिवायचा. पहिला यील त्येचा. आईच्या वाटचं पाणी हाय.”

“ताटाभोवती फिरवत नाही?”

“आमच्या गावात कोनीच नाय फिरवत. लई जुनी गोष्ट हाय. मोठा दुष्काळ पडला व्हता, तवा जुनी मान्सं म्हनली, मातीत कशाला घालायचं, आईच्या वाटचं तहानलेल्याला द्या. तवापसून असंच हाय.” मग तिनं आमच्याकडे नीट बघितलं. “तुमी कोन्च्या गावच्या?”

सासूबाईंनी माझा हात धरला होता, तो घट्ट आवळला. मी मान वर करू शकले नाही. वर्षभर मी गावोगाव छत आणि पायऱ्या विचारत फिरले होते. खरी खूण माझ्या स्वयंपाकघरात होती, आणि दर पौर्णिमेला एक म्हातारी ती मला सांगत होती.

त्या बाईच्या अंगणात प्लास्टिकची पिंपं ओळीनं ठेवलेली होती. टँकर तीन दिवसांपासून आला नव्हता, हे मला नंतर कळलं. तरी तांब्या काठोकाठ भरलेला होता.

ऊन उतरल्यावर ती आम्हाला देवीकडे घेऊन गेली. गावाबाहेर उघड्यावर दगडी ओटा होता. छत का नाही विचारलं तर म्हणाली, “आईला चालत नाय.” शेजारी बारव होती, कोरडी. तिच्या वरच्या पायऱ्या हल्लीच सिमेंटनं नीट केलेल्या होत्या, त्यामुळे चौथी तुटकी होती की नव्हती, हे आता कोण सांगणार? ह्यांनी तरी तेवढ्यात मोजल्या. ओट्यावर मूर्ती नव्हती. शेंदरानं माखलेला एक गोल तांदळा होता; नाक नाही, डोळे नाहीत.

सासूबाई चप्पल काढून ओट्यापाशी बसल्या. त्यांना समोर काहीतरी लाल दिसत होतं, तेवढंच. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तांदळ्यावरून सावकाश फिरवले, बाळाला न्हाऊ घालून झाल्यावर फिरवतात तसे. मग वर्षभर आमच्याबरोबर गावोगाव हिंडलेला खण काढून ओटी भरली. मी त्यांच्या अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, “आमच्या सासूबाई रागावून गेल्या होत्या. त्यांच्या वतीनं आलेय.” उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चक्क हसल्या. “हिला तोंडच नाही गं. म्हणजे माझं बघायचं काहीच राहिलं नाही.”

घरी परतलो तर पाणी येऊन गेलं होतं. मी तीच धास्ती घेऊन फाटक उघडलं. अंगणातली टाकी भरलेली होती. चाचांनी शेजारच्या नळाला पाइप लावून ती भरून ठेवली होती. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, “अम्मा इत्ते साल से पिला रै, एक दिन हम भर दिये तो क्या हुआ?”

तीच आमची देवी का, असं मला लोक विचारतात. माझ्याकडे नोंद नाही, पुरावा नाही. गाडी दुसऱ्या चढावर तापली असती, नैवेद्याची वेळ टळली असती, दुसऱ्या कुणी वाटसरूनं तो तांब्या आधीच उचलला असता, तर काय, हेही मला माहीत नाही. आधी मी यावर वाद घातला असता. आता घालावासा वाटत नाही. त्या दिवशी आम्ही पाणी सोडून निघालो होतो आणि दोनदा पाणीच आमच्यासाठी थांबलेलं होतं, एवढं मी पाहिलं. आपण शोधतो म्हणून सापडतं, असा माझा जन्मभराचा हिशेब होता. आपल्या हातून सगळं सुटल्यावर कुणीतरी हात धरतं, हे मी त्या उंबऱ्यावर शिकले, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

दिवाळीपर्यंत सासूबाईंची उरलेली नजर गेली. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. कधी कुरकुरल्या नाहीत. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. कॉलनीतल्या बायकांच्या यादीतही ते घातलेलं नाही. दर वर्षी मेमधल्या पौर्णिमेला मी जाते, ओट्यापाशी बसते, डोळे मिटून हात पुढे करते आणि सांगते, सासूबाईंच्या वतीनं आलेय.

बाकीच्या पौर्णिमांना घरीच नैवेद्य असतो. ताट ठेवलं की माझा हात जुन्या सवयीनं तांब्याकडे जातो आणि मी क्षणभर थांबते, मागून आवाज येईल म्हणून. त्या आवाजासाठी माझा जीव किती तुटतो, ते मलाच ठाऊक. ‘नको फिरवू गं’ म्हणायला आता घरात कुणी नाही, आणि आता मी पाणी फिरवत नाही.