आधी क्रीम, मग दोन थेंब तेल

स्किनच्या दवाखान्यात काउंटरवर बसलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, ते नंबर लावून आत येतात! उमरग्यात आमच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना. कोरड्या, फुटलेल्या चेहऱ्यांना त्यांचं ठरलेलं सांगणं, "ओलसर चेहऱ्यावर आधी सिरॅमाइडची क्रीम, वरून करडईच्या तेलाचे दोन थेंब." ते पेशंटला समजावायचं काम माझं. आणि समजावलं म्हणजे समजलं असं कुठं असतं!

*

एक ट्रक ड्रायव्हर आठ दिवसांत परत आला. "ताई, तुमची क्रीम बोगस हाय! थोबाडावर ठरतच न्हाय, घसरायली!"

विचारलं, तर साहेबांनी तेलच आधी चोपडलेलं, तेही वाटीभर!

"दोन थेंब म्हटलं होतं ना?"

"ताई, दोन थेंबांत ट्रकच्या दाराची बिजागरीबी गप बसत न्हाय!"

*

तेर गावचे एक गवंडीकाका आले, सिमेंटनं गाल फुटलेले. मॅडम सांगू लागल्या, "काका, कातडी म्हणजे भिंत. विटांमधला माल निघून गेलाय, तो सिरॅमाइड भरतं. तेल वरून ओल धरून ठेवतं."

काकांचे डोळे चमकले. "म्हंजी आधी पाणी, मग गिलावा, मग रंग! सरळ सांगा की!"

बाहेर जाऊन त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना शिकवलं. मला वर्षानुवर्षं जमलं नाही ते काकांनी तीन मिनिटांत केलं! जाताना मात्र हळूच विचारलं, "आन पाणी किती दिस मारायचं?"

*

तेरखेड्याच्या सुशीलामावशी फटाक्याच्या कारखान्यात कामाला. अंगावर बसलेली पावडर निघावी म्हणून रोज कपड्याच्या साबणानं तोंड घासायच्या. गाल पार सोललेले.

"महिन्यावर पोरीचं लगीन आलंय, मॅडम. डोळ्यातलं पाणी गालावर उतरलं की आग व्हायली बघा. पोरगी सासरी जाताना मला रडता यावं, एवढं करा."

मॅडमनी क्रीम आणि तेल लिहून दिलं. "लग्नापर्यंत गालांवर तुकतुकी येईल, मावशी," त्या म्हणाल्या.

*

आठ दिवसांनी मावशी आल्या, तर चेहरा चांदीसारखा! म्हणजे खरंच रुपेरी! सकाळीच तेल लावून कामावर गेलेल्या, आणि फुलबाज्यांची सगळी पावडर गालांना चिकटलेली!

"मावशी, हे काय?" मॅडम ओरडल्याच.

मावशी एकदम खूश. "तुमीच म्हणला व्हता तुकतुकी येईल. आली की!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. कामावर तोंडाला फडकं, घरी आल्यावर साधा फेसवॉश, मग क्रीम, मग तेल, असं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "आणि त्या साबणाला हात लावाल तर बघा!" हा दम मात्र मी भरला.

*

लग्न झालं. नंतरच्या सोमवारी मावशी नंबर न लावता थेट मॅडमच्या केबिनमध्ये! हातात लाडूचा डबा, डोळे हे एवढे सुजलेले. मॅडम घाबरून उठल्या.

"मावशी, काय झालं? परत आग होतेय का?"

"पोटभर रडले, मॅडम! गाडी हायवेला लागली तरी रडतच व्हते. कायबी झोंबलं न्हाय!"